भुऱ्याच्या डाव्या डोळ्यातलं पाणी

अण्णाजी गेले तेव्हा त्यांच्या घरात कोणी रडलं नाही. हे मी निंदा म्हणून लिहीत नाही. सिंदीत आमची दोन घरं एकाच भिंतीला लागून आहेत. इकडची शिंक तिकडे ऐकू जाते. त्या सकाळी त्यांची घरघर थांबलेली मला कळली होती आणि मी कान देऊन बसलो होतो. रडण्याचा आवाज आला की उठायचं, असं मनाशी ठरवलं होतं. आवाज आलाच नाही. शेवटी सुलोचनावहिनी स्वतः माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले वाटते. पायता का जरा?"

श्रावण नुकताच लागला होता. साल दोन हजार तीन.

स्टेशनच्या रस्त्यावर अण्णाजींचं किराण्याचं दुकान होतं. माल चोख, माप चोख, पण गिऱ्हाइकाला चार गोष्टी ऐकवल्याशिवाय पुडी बांधायची नाही अशी त्यांची रीत. डाळीत हात घालून बघणाऱ्या बाईला ते म्हणायचे, "डाळ आहे ते, नवरदेव नाई पारखाचा." लोक आधी हसायचे, मग पुढच्या दुकानात जायचे. मुलगा नीलेश पुण्याला नोकरीत. बापलेकाचं बोलणं नीलेश दहावीत असल्यापासून आईच्या मार्फत चालायचं. अण्णाजींची थोरली बहीण सुमित्राबाई केळझरला दिलेली. कुठल्याशा लग्नातल्या मानपानावरून भावाशी तिचा अबोला होता, तो राखीलाही सुटायचा नाही. नीलेश आला, त्यानं सगळे विधी नीट केले. सुमित्राबाईही आल्या. डोळे मात्र सगळ्यांचे कोरडे. मीही त्यातलाच. इतकी वर्षं शेजारी राहून माझ्याशी ते हवापाण्याखेरीज बोलले नव्हते, आणि ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याच्याशी आपण होऊन बोलावं, असा माझा स्वभाव नाही.

दुकानाचा एक कुत्रा होता, भुऱ्या. मातकट रंगाचा, एक कान मुडपलेला, वयानं उतरलेला. दिवसभर दुकानाच्या फळीखाली पडून असायचा. अण्णाजी त्याला शिव्या द्यायचे, "सरक बे नालायका, गिऱ्हाईक येऊ दे," आणि तो सरकायचा नाही. शिव्या खाऊन पुढच्या दुकानात न गेलेला तो एकटाच.

दहाव्याचं आटोपून मंडळी परतली तेव्हा भुऱ्या बंद दुकानापुढे पडला होता. त्याच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. नाकाच्या बाजूचे केस भिजून काळे दिसत होते. सुमित्राबाई थबकल्या.

"पाय व सुलोचना, पाय! मुकं जनावर रडून राह्यलं माह्या भावासाठी." मग जरा आवाज उतरवून, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढाच उतरवून, "नाई तं घरच्याइचे डोये पाय. नुसते खडक."

वहिनी पुढे झाल्या. त्या पायरीवर बसल्या, पदराच्या टोकानं भुऱ्याचा डोळा टिपला. तो पुन्हा भरला. त्यांनी पुन्हा टिपला. त्या किती वेळ तिथे बसल्या होत्या कोण जाणे. मंडळी आत गेली, जेवायला बसली, तरी त्या तिथेच.

मग हे गावभर झालं. दुकानाशेजारी नत्थूचा पानठेला आहे. नत्थूला गोष्ट सांगायला मिळाली की तो ती वाढवूनच देतो, चुन्यासारखी.

"मालक गेले अन् यानं अन्न सोडलं," तो सांगायचा. "पोयी टाका, वास घेते अन् तोंड फिरवते. रात्री स्टेशनावर जाऊन उभा राह्यते म्हने, मालकाची वाट पायत."

"पण अण्णाजी गाडीनं कुठे जात नसत," मी एकदा म्हटलं.

"काका, तुमी पुस्तकंच वाचा," नत्थू म्हणाला.

मी गावातल्या शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. लग्न केलं नाही. घरात पुस्तकं आणि एक मांजर, मनी. आदल्या हिवाळ्यात मनीच्या तोंडातून लाळ गळू लागली. जेवायला धावायची आणि घास घेतला की पंज्यानं गाल ओरबाडायची. मी तिला झाकणाच्या टोपलीत घालून वर्ध्याला, नालवाडीत नेलं. तिथे रक्षा नावाच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी जनावरांचा छोटा दवाखाना काढला होता. त्यांनी मनीचे सडलेले दात काढले आणि उरलेले कसे जपायचे ते मला शिकवलं. ओलं मऊ फडकं बोटाला गुंडाळायचं आणि हलक्या हातानं दाताची बाहेरची बाजू हिरडीपासून टोकाकडे पुसायची, रोज. माणसाची पेस्ट लावायची नाही, ती त्यांच्या पोटात जाते. मीठ नाही, कोळशाची पूड तर नाहीच. ओठ उचलून हिरडी बघायची, दाताच्या मुळाशी लाल रेघ दिसली की दाखवायला यायचं. "आणि तोंडाला घाण वास येतो तो म्हातारपणाचा नसतो बरं का काका," त्या म्हणाल्या होत्या, "तो आजाराचा असतो. लोक वास सहन करतात आणि जनावर दुखणं सहन करतं."

तेव्हापासून मी सकाळी ओसरीवर बसून मनीचे दात पुसत असे. गल्लीला फुकटची करमणूक झाली.

"काका, दातून कोनतं देता तिले? बाभयीचं का लिंबाचं?"

"चूळ भरते का हो ते?"

मी खाली मान घालून पुसत राहायचो. मनीही खाली मान घालायची. आम्ही दोघं सारखेच.

आमच्या गावचा तान्हा पोळा मोठा असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून आणतात, ते बघायला बाहेरगावची माणसं गाडीनं येतात आणि स्टेशनच्या रस्त्यानं गावात शिरतात. त्या वर्षी नत्थूनं त्यांना ठेल्यापाशीच थांबवलं. बघता बघता भुऱ्याभोवती माणसं जमली. कोणी त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, एका बाईनं कपाळाला कुंकू लावून हात जोडले. त्याच्यापुढे बुंदीचा लाडू ठेवला.

मी पलीकडे शिंप्याच्या ओट्याला टेकून उभा होतो. भुऱ्या उठला. त्यानं लाडू हुंगला आणि उचलला. मान उजवीकडे वाकडी करून तो चावायला गेला, बारीकसा कळवळला, आणि लाडू खाली पडला.

"नाई खात, पाय! नाई खात!" नत्थू ओरडला.

"केवढी माया बाई," कोणीतरी म्हणालं.

पण त्यानं लाडू उचलला होता. ज्याला खायचंच नाही तो उचलत नाही. लाडू जिथे पडला तिथे लाळेचा धागा होता आणि त्याला गुलाबी झाक होती. पाणी वाहत होतं ते फक्त डाव्या डोळ्यातून. उजवा डोळा कोरडा, स्वच्छ. डाव्या डोळ्याच्या खाली सुपारीएवढी सूज. माळ नीट करण्याच्या निमित्तानं मी जवळ गेलो आणि वाकलो. तो वास मला ओळखीचा होता.

तरी मी लगेच काही बोललो नाही. छापलेली एखादी ओळ घ्यायची आणि तिचा जगाशी मेळ घालायचा, ही माझी खोड आहे, आणि मेळ बहुतेक वेळा बसत नाही. शिंप्याच्या लिंबाच्या झाडाला कसला रोग झालाय ते मी त्याला एकदा पुस्तक उघडून दाखवलं होतं. रोग नव्हता, पानं खाणारी शेळी निघाली. ग्रंथालयात पशुवैद्यकाचं एक जुनं पुस्तक होतं. कुत्र्याच्या वरच्या मोठ्या दाढेची मुळं डोळ्याच्या खालपर्यंत जातात असं त्यात वाचल्याचं आठवत होतं. पण खरंच वाचलं होतं की आता मला तसं वाटतंय, याची खात्री होईना. शेवटी दिवस कलता कलता गेलो.

वहिनींनी भुऱ्याला आता घरी आणलं होतं. त्या अंगणात बसल्या होत्या, तो शेजारी पोत्यावर. गळ्यातली माळ त्यांनी काढून ठेवली होती.

"या भाऊजी. बसा." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमाले एक सांगू? माह्या डोयात पानीच आलं नाई."

मी बसलो.

"पहिल्या दिवशी वाटलं, आता घाबरली असन मी, उद्या येईन. मंग वाटलं, दहाव्याले येईन. तेराव्याले येईन. नाई आलं. मले भेव वाटे, मी का राक्षसीन हाव? एवढा संसार केला अन् डोयाले पानी नाई." त्यांनी भुऱ्याचा डोळा टिपला. पदराचं ते टोक आता कडक, पिवळट झालं होतं. "अन् मंग हा रडला. मले एवढं बरं वाटलं भाऊजी, का सांगू. म्हटलं, चला, एक तं निंघाला. काईतरी असनच त्या मानसात. मले दिसलं नाई, याले दिसलं."

भुऱ्यानं तोंड उघडं ठेवून जीभ बाहेर काढली होती. डावी बाजू तो पोत्याला लागू देत नव्हता.

"तुमी काई सांगाले आले," वहिनी म्हणाल्या. "तुमचं तोंडच सांगून राह्यलं. काय आहे?"

चहा मागून वेळ निभावता आली असती. मी म्हटलं, "वहिनी, मला वाटतं, त्याची दाढ दुखत असावी."

"दाढ?"

"वरची. डावी. तिची मुळं वर डोळ्याखालपर्यंत जातात. तिथे पू झाला की डोळ्यातून पाणी येतं. म्हणजे, असं वाचलंय मी. मनीच्या तोंडाला असाच वास..."

"कुत्र्याची दाढ कवा दुखली आजवर?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मांजरीचे दात घासता घासता तुमाले गावभर दातच दिसून राह्यले काय? तुमचं पुस्तक तुमच्यापाशी ठेवा भाऊजी. एवढं एक हाय माह्यापाशी. तेबी घेऊन चालले तुमी?"

मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि कसं कोण जाणे, वळून बोललो. "माझं चुकत असेल. बहुतेक चुकतच असेल. पण त्याच्या डाव्या डोळ्याखाली एकदा हलकंसं बोट लावून बघा. दुःखानं डोळा वाहत असेल तर तो बोट लावू देईल."

नंतरचे काही दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. अंगण झाडताना पाठ करून झाडायच्या. भिंतीतून मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. "खा रे बाबा. एवढा घास खा. माह्यासाठी खा." भुऱ्या दूध जरासं चाटायचा, बस्स. त्याच्या फासळ्या दिसू लागल्या. बघायला येणारी माणसं म्हणायची, हा आता फार दिवसांचा नाही, मालकाच्या मागेच जाणार. हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असायचं. माझ्या मनात दोन्ही गोष्टी होत्या. आपण बरोबर असलो तर तो भुकेनं मरणार. चूक असलो तर एका विधवा बाईच्या हातातली एकुलती एक वस्तू आपण उगीच हिसकायला गेलो. मी मनीचे दात पुसणं घराच्या आत सुरू केलं.

एका सकाळी वहिनी आल्या. उजव्या हाताला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती.

"लावलं बोट," त्या म्हणाल्या.

"मग?"

"चावला." त्या माझ्या उंबऱ्यावरच बसल्या. "जोरात नाई. चावला अन् लगेच हात सोडून देल्ला. मंग जिथं चावला तिथंच चाटत बसला. माफी मांगाव तसा." पट्टीची गाठ त्यांनी घट्ट केली. "नखाएवढं बोट लावलं होतं मी. एवढ्यानं एवढं दुखत असन तं..." त्या उठल्या. "चला. कुठं न्याचं ते सांगा."

गल्लीतल्या कुंदनच्या मालवाहू ऑटोत आम्ही भुऱ्याला पोत्यावर निजवलं. ठेल्यावरून नत्थूनं विचारलं, "काऊन वहिनी, कुठं नेऊन राह्यल्या भक्ताले?"

"वर्ध्याले."

"पेपरात फोटो देता काय?"

वहिनींनी कुंदनला ऑटो हाकायला सांगितलं.

नालवाडीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी वहिनींचाच हात साबणानं धुवायला लावला, मग सरकारी दवाखान्यात जाऊन कुत्रं चावल्याची सुई घेऊन या म्हणाल्या. त्या घेऊन आल्यावरच भुऱ्याला हात लावला. इंजेक्शननं तो झोपला. मग त्यांनी त्याचा ओठ उचलून आम्हाला दाखवलं. दातांवर पिवळं तपकिरी कीट चढलं होतं, पाणी तापवायच्या गुंडाला आतून खार धरतो तसं, टणक. हिरड्या लालभडक. डावीकडची वरची मोठी दाढ उभी चिरलेली.

"कधीतरी हाड नाहीतर दगड चावला असेल," त्या म्हणाल्या. "दाढ चिरली, आत घाण गेली, मुळाशी पू झाला. तो पू वर डोळ्याखाली जमलाय. म्हणून डोळा गळतोय."

वहिनींनी विचारलं, "म्हंजे हा रडत नाई?"

डॉक्टरीणबाईंना मागचं काही माहीत नव्हतं. "नाही हो आजी. कुत्री अशी रडत नाहीत. दुखतंय त्याला."

दाढ सहज निघाली नाही. तिला तीन मुळं असतात म्हणे, एक एक सुटी करून काढावी लागली. पू आला. वहिनी त्याचे मागचे पाय धरून उभ्या होत्या. तो झोपलेला होता, धरायची गरज नव्हती, तरी धरून होत्या. बाकीच्या दातांवरचं कीटही खरवडून निघालं. हात धुता धुता डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "हे आजकालचं नाही बरं. वर्ष तरी झालं असेल. वर्षभर हा खात काय होता? या तोंडानं कोरडी भाकर चावताच आली नसती."

"दुकानातच खाये," वहिनी म्हणाल्या. "यांच्या डब्यातलं."

"मग डब्यातलं कोणीतरी मऊ करून देत असणार त्याला. नाहीतर केव्हाच गेला असता. आता तेच करायचं. जखम भरेपर्यंत सगळं भिजवून, मुरवून."

येताना वाटभर वहिनी भुऱ्याच्या तोंडाकडेच बघत होत्या. मला वाटलं, कुत्रा वाचल्याचा त्यांना आनंद झाला असेल आणि तो त्यांना दाखवता येत नसेल. माणसांच्या बाबतीतले माझे अंदाज असे असतात.

दोन दिवसांनी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. अंगणात जर्मनच्या वाडग्यात कुस्करलेली भाकर होती, त्यावर पातळ वरण ओतलेलं. भुऱ्या हातभर अंतरावर पुढचे पाय जुळवून बसला होता. भुकेनं त्याची लाळ टपकत होती, पण तो वाडग्याकडे जात नव्हता.

"पायता?" वहिनी म्हणाल्या. "दूध ठेवलं तं धावते. भाकर ठेवली तं बसून राह्यते. मुरू देते. कोनी शिकोलं असन याले?"

उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"वर्षभर हे माह्याशी डब्यावरून भांडले. वरन पातय दे. जास्त दे. भाकर दगडावानी केली. मी म्हनायची, दात तुमचे हालते अन् दोस माह्या भाकरीले काऊन? तं हासले. हासत नसत कधी, पन तवा हासले. सांगतलं असतं तं मी याची येगळी करून देल्ली नसती काय?"

भाकर मुरली. भुऱ्या उठला आणि उजव्या बाजूनं हळूहळू खाऊ लागला. ते बघून मला भरून आलं, आणि मी पुढचं वाक्य बोललो. चांगलं वाटावं म्हणूनच बोललो.

"म्हणजे अण्णाजींच्यात माया होती, वहिनी. तुम्ही म्हणत होता ते खरंच निघालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"होती ना," त्या म्हणाल्या. "कुत्र्यासाठी होती."

वाडगा रिकामा होत आला होता. भुऱ्या कडा चाटत होता.

"नीलेश पोटाशी होता तवा माह्यी अक्कलदाढ सुजली होती. गाल एवढा झालता. तोंड उघडे ना. चार दिस पेज पिऊन राह्यली मी, सैपाक तसाच करो. दोन टाइमाचं याइचं ताट वाढो. या मानसानं इचारलं नाई का तुले काय झालं. एकच इचारलं, आज भाजीत मीठ काऊन नाई? चव पाहाले तोंड उघडत नव्हतं माह्यं, म्हून नव्हतं मीठ." त्यांचा आवाज साधाच होता, बाजारातलं काहीतरी सांगावं तसा. "मी म्हटलं, नसन त्याच्यात. एखाद्याच्यात नसते. कोनाचा दोस? त्याच्यावरच मी उमर काढली भाऊजी. आता समजलं का त्याच्यात होतं. दुसऱ्याची दाढ दुखते हे त्याले दिसत होतं."

त्यांनी वाडगा उचलला आणि धुवायला नेला.

भुऱ्याची जखम भरली. डोळा कोरडा झाला, तशी बघायला येणारी माणसंही थांबली. नत्थूनं काही दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. वहिनींनी माझ्याकडून बोटाला फडकं गुंडाळायचं शिकून घेतलं. आधी तो तोंड धरू देईना, मग त्यांनी फडक्याला जरा वरण लावून बघितलं, ते जमलं. रोज अंगणात त्या त्याचे दात पुसायच्या. एकदा मला म्हणाल्या, कुत्र्याचा ओठ उचलायला भीती वाटत नाही, तो काय म्हणणार ते आधीच समजतं, माणसाचं तसं नसतं. मला त्याचा अर्थ लागला नाही आणि मी विचारलाही नाही.

वर्षश्राद्धाला नीलेश बायकोला, रुचिकाला घेऊन आला. केळझरहून सुमित्राबाई आल्या त्या एकट्या नाही, शेजारच्या तीनचार बाया घेऊन. त्यांना कुत्रा दाखवायचा होता.

"कुठं हाय माह्या भावाचा भक्त?" त्यांनी दारातूनच विचारलं.

भुऱ्या शेपूट हलवत आला. अंगानं भरला होता. बायांनी वाकून त्याचे डोळे बघितले.

"आता नाई रडत काय व?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"नाई," वहिनी म्हणाल्या. त्या पत्रावळी मांडत होत्या. "दाढ सडली होती त्याची. ते पाडली. पानी त्याचं होतं."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. सुमित्राबाई वहिनींजवळ गेल्या आणि हळू बोलल्या, पण त्या घरात हळू बोललेलंही ऐकू येतं. "असं चारचौघीत बोलू नये सुलोचना. मी साऱ्या केळझरले सांगतलं का माह्या भावासाठी कुत्रं रडलं. रडला म्हन. तुह्यं काय जाते?"

"दुखत होतं त्याले, आक्का."

"अन् अन्न सोडलं ते?"

"चावता येत नव्हतं."

सुमित्राबाई तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता, "म्हंजे त्याच्यासाठी कोनीच नाई रडलं?"

नीलेश पाण्याचे पेले भरत होता. त्यानं वर पाहिलं नाही. मीही नाही.

"नाई, आक्का," वहिनी म्हणाल्या. "बसा, वाढतो."

जेवणं झाली. वडे चांगले झाले होते, कोणीतरी तसं म्हणालंही. सुमित्राबाई दोन घास खाऊन उठल्या आणि बायांना घेऊन लवकरच्या गाडीनं गेल्या. जाताना त्यांनी भुऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला आणि तसाच काढून घेतला.

दुपारी घर शांत झालं. नीलेश आणि रुचिका आत झोपली होती. वहिनी ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. वर्षभर जे विचारायचं होतं ते मी विचारलं. "वहिनी, मी तेव्हा सांगायला नको होतं का?"

त्यांनी अंगणातल्या भुऱ्याकडे पाहिलं.

"सांगतलं नसतं तं हा मेला असता."

"हो."

"दुःखानं मेला, असं गाव म्हनलं असतं. दुकानापुढं त्याची समाधी बांधली असती नत्थूनं. पोया आला का लोकाइनं हार घातले असते." त्या समोर बघत होत्या. "अन् मीबी तेच मानलं असतं. मरेपर्यंत मानलं असतं का त्या मानसाले कोनीतरी जीव लावला होता, अन् मलेच दिसलं नाई. तेबी बरंच वाटलं असतं मले, भाऊजी. खोटं काऊन बोलू?"

भुऱ्या अंगणात उन्हात पसरला होता, डाव्या गालावर.

"पन याले दुखत होतं ना," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या. उरलेले वडे त्यांनी झाकून ठेवले, जागा सारवायला बादली घेतली. "नीलेशची गाडी संध्याकायची आहे. त्याले जरा उठवा."

मी नीलेशला उठवायला आत गेलो.